आधी दार बघायचं, मग खेळायचं

जून संपत आला की आमच्या घरात एकच विषय असतो: मुलांना न्यायचं कुठे? ठाण्यातल्या तलावपाळीचे कट्टे ओले, उपवन तलावाला छत्री धरून मुलांमागे धावणं जमत नाही. नेरूळच्या वंडर पार्कमधली छोटी आगगाडी दोघांची लाडकी, पण तिथलं सगळं उघड्यावर. राघव सहा वर्षांचा आहे, मनू साडेतीन. कोपरीतल्या आमच्या घरात पावसाच्या दिवसांत सोफा, पलंग आणि आजीचं शिवणयंत्र एवढंच त्यांचं मैदान. त्यामुळे सूनबाईने, म्हणजे श्वेताने, वाशीच्या एका मॉलमधल्या इनडोअर पार्कचा विषय काढला तेव्हा आजीने लगेच होकार दिला. मीही दिला. फक्त म्हटलं, "तिकिटं काढण्याआधी मला त्यांच्याशी फोनवर बोलू दे."

माझी सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यात, सेफ्टी विभागात गेली. बंदिस्त जागेत शिरलो की आधी बाहेर पडायचा रस्ता बघायचा, ही सवय निवृत्तीनंतरही तशीच आहे. त्यात २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेली आग. उन्हाळ्याच्या सुट्टीतला शनिवार, प्रवेश फक्त ९९ रुपयांत, म्हणून गर्दी झालेली. पत्र्याचं तात्पुरतं बांधकाम, आत वेल्डिंगचं काम चालू, जनरेटरसाठी आणि गो-कार्टसाठी साठवलेलं इंधन, आणि अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नाही. २७ माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. तेव्हापासून मुलांच्या अशा जागांबद्दल मी जास्त आग्रही झालो. तिथे जाऊच नये, असं मी कधी म्हणणार नाही. मुलांनी जावं, घामाघूम होईपर्यंत खेळावं. मोठ्यांनी पहिला पाव तास डोळे उघडे ठेवून फिरावं आणि मग निर्धास्त बसावं. आम्ही एका मंगळवारी तसं केलं. ते सविस्तर लिहितो, कारण नातवंडांना घेऊन जाणाऱ्या पुष्कळ घरांना ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

फोनवर मी साध्याच गोष्टी विचारल्या. गर्दी कोणत्या दिवशी कमी असते? कोणत्या खेळाला वयाची आणि उंचीची काय अट आहे? लहान मुलाबरोबर मोठ्या माणसाला आत सोडता का, आणि त्याचं तिकीट वेगळं का? बाहेर पडायची दारं किती? पलीकडच्या मुलाने बाकीची उत्तरं झटपट दिली, शेवटच्या प्रश्नाला म्हणाला, "सर, ते तुम्ही येऊन बघा." ठीक आहे, म्हटलं, येऊन बघतो. शनिवार-रविवारचा दर वेगळा आणि गर्दीही दुप्पट, म्हणून राघवच्या शाळेला सुट्टी होती तो मंगळवार धरला. माझ्या मुलाने, मंदारने, रजा टाकली.

आदल्या रात्री कपडे काढून ठेवले. दोघांना भडक पिवळे टी-शर्ट. जाळीच्या आड, रंगीबेरंगी फोमच्या गर्दीत आपलं मूल दुरून ओळखता आलं पाहिजे. पायांत पूर्ण लांबीच्या सुती पँट, कारण प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवर आणि ट्रॅम्पोलिनवर उघडे गुडघे घासून सोलवटतात. टोपीच्या नाड्या असलेला मनूचा आवडता जॅकेट घरीच ठेवला. आजीने मनूच्या गळ्यातली साखळी आणि कानांतले डूल काढून डबीत ठेवले. घसरताना नाडी किंवा साखळी कुठे अडकली तर ओढ थेट गळ्याला बसते. मनूला डूल काढलेले आवडले नाहीत. आजीने डबी तिच्याच उशाखाली ठेवली तेव्हा ती झोपली.

कोपरीतून ठाणे स्टेशनाची पूर्वेची बाजू जवळ, आणि वाशीच्या गाड्याही त्याच बाजूच्या फलाटांवरून सुटतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. राघवला स्वतःचं अर्धं तिकीट हातात धरायचं होतं, ते त्याने वाशीपर्यंत सोडलं नाही. ठाणे-वाशी लोकल २००४ साली सुरू झाली. त्याआधीची माझी कितीतरी वर्षं कंपनीच्या बसमध्ये कळव्याच्या नाक्यावर अडकण्यात गेली. आता दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि वाशी, अर्धा तास. पारसिकच्या डोंगरावर पावसाने बारीक बारीक धारा सोडल्या होत्या. मनूने त्या प्रत्येक धारेला "धबधबा!" म्हणून हाक मारली. रबाळ्याला मी राघवला माझ्या कामाच्या जागेची दिशा दाखवली. त्याने विचारलं, "आबा, तिथे घसरगुंडी होती?" नव्हती, म्हटलं, पण जिने खूप होते आणि प्रत्येक जिन्याला कठडा होता.

मॉलमध्ये वरच्या मजल्यावर पार्क. काउंटरवर आधी मनगटावर कागदी पट्टे बांधले, मग एक हमीपत्र सहीला पुढे केलं. मागे रांग होती, तरी मी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. मुलांवर लक्ष ठेवायची जबाबदारी पालकांची, आजारी मुलाला आत आणू नये, खेळताना खाऊ नये, कोणत्या खेळाला कुठली अट, हे सगळं त्यात होतं. वाचून मग मंदारने सही केली. प्रत्येकाने असं वाचावं. तिथे पंचवीस-तीस ओळी असतात आणि कोणत्या खेळात कशाची भीती आहे हे त्या ओळींमधूनच कळतं. मनगटाच्या पट्ट्यांवर मी पेनाने श्वेताचा फोन नंबर लिहिला. तळाला रबरी ठिपके असलेले मोजे सगळ्यांना सक्तीचे, आजीलाही. ते तिथेच विकत घ्यावे लागले. घरी धुऊन जपून ठेवले आहेत, पुन्हा चालतील.

मुलं श्वेता-मंदारबरोबर चेंडूंच्या टाकीकडे गेली आणि मी माझी फेरी सुरू केली.

आधी छत बघितलं. आग लागली की पाणी फवारणाऱ्या स्प्रिंक्लरची तोंडं दिसत होती, सजावटीच्या कापडांनी ती झाकलेली नव्हती. मग आग विझवायचे लाल सिलिंडर. पावडरच्या सिलिंडरवर एक छोटी तबकडी असते, तिचा काटा हिरव्या पट्ट्यात हवा, आणि गळ्यातल्या चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीख उलटून गेलेली नसावी. दोन्ही ठीक होतं. खेळण्यांचे फोम, रेक्झिन, जाळ्या, हजारो प्लॅस्टिकचे चेंडू, हा सगळा पेट्रोलियममधून आलेला माल. तो पेटला तर ज्वाळेच्या आधी दाट काळा धूर पसरतो. अशा जागी बहुतेक माणसं भाजण्याआधी गुदमरतात. धूर वर साठतो आणि खाली उतरत येतो, म्हणून जमिनीजवळ वाकून चालायचं. आणि दिसेनासं व्हायच्या आत दाराची दिशा माहीत असायला हवी. ज्या दाराने आत आलो त्याच दाराकडे गर्दी धावते, हा माणसाचा स्वभाव आहे. त्यामुळे दुसरं दार कुठे आहे हे आधी बघून ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं.

दुसरं दार मागच्या बाजूला, वाढदिवसाच्या खोल्यांच्या पलीकडे होतं. वर हिरवी पाटी, दिवा चालू. दार कुलूपबंद नव्हतं, आडवा दांडा ढकलला की उघडणारं होतं. पण त्याच्याकडे जाणाऱ्या बोळात वाढदिवसाच्या सामानाचे खोके रचलेले. फुगे, कागदी पताका, थर्माकोलचे आकडे. एका माणसाला तिरकं होऊन जाता येईल एवढीच वाट उरलेली.

मी तिथल्या देखरेखीवरच्या मुलीला शोधलं. पंचविशीची असेल, बोलण्यावरून साताऱ्याकडची. म्हटलं, "बाळ, मी कारखान्यात सेफ्टीला होतो. तुमची जागा चांगली ठेवली आहे. फक्त मागच्या दाराची वाट अडली आहे, ती मोकळी करता येईल का?" ती माझ्याबरोबर आली, बघितलं, आणि काही न बोलता दोन मुलांना हाक मारली. दहा मिनिटांत खोके भांडाराच्या खोलीत गेले. मग तिने स्वतः दाराचा दांडा ढकलून मला बाहेरचा जिना दाखवला. जिन्यात उजेड होता, तो खालपर्यंत मोकळा होता. आग लागली तर बाहेर पडून सगळ्यांनी जमायची जागा कुठे ठरली आहे तेही तिने सांगितलं. "काका, सकाळी आठवणीने बघते मी आता," म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं. अशा ठिकाणी काम करणाऱ्या मुलांना कोणी तरी नीट शब्दांत सांगितलं तर ती ऐकतात. आरडाओरडा करून, व्हिडिओ काढून त्यांना उघडं पाडण्यात काही हाताला लागत नाही. वाट तेव्हाच्या तेव्हा मोकळी होणं हे त्या वेळी खेळणाऱ्या मुलांच्या उपयोगाचं.

महाराष्ट्रात यासाठी २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे. इमारतीच्या मालकाने किंवा ती वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून सगळी यंत्रणा तपासून ती चालू असल्याचं प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. आम्ही त्याला 'फॉर्म बी' म्हणायचो. ग्राहकाने त्याबद्दल विचारण्यात काही गैर नाही. चार जणांनी विचारलं की ते प्रमाणपत्र फाइलमधून निघून भिंतीवर येईल.

परत आलो तर मनू श्वेताच्या कडेवर, तोंड खांद्यात खुपसलेलं. तिला आवाज सहन होत नव्हता. पार्कच्या एका बाजूला व्हिडिओ गेमची यंत्रं, प्रत्येकाचं वेगळं संगीत, वर मोठ्या स्पीकरवर गाणी, आणि सगळं एका बंद छताखाली. कारखान्यात एक सोपी खूण असते: हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागला तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या आसपास किंवा वर आहे असं समजायचं. तिथे मला श्वेताशी बोलायला आवाज चढवावा लागत होता. मोठी माणसं कानाला हेडफोन लावून कामं करतात, त्यांना कळत नाही. साडेतीन वर्षांच्या मुलीला तो आवाज अंगावर येतो.

इथे आजीने जे केलं ते मला सगळ्या दिवसातलं सर्वांत मोलाचं वाटतं. तिने मनूला घेतलं आणि यंत्रांपासून सगळ्यात दूरचा, चेंडूंच्या टाकीजवळचा कोपरा गाठला. तिचे गुडघे दुखतात, खाली बसणं सोपं नाही, आणि तिथे मोठ्या माणसांसाठी खुर्च्या जाळीच्या बाहेरच होत्या. तरी ती टाकीच्या फोमच्या कठड्यावर बसली. "जा की आत, बघ सगळे खेळतायत," असं एकदाही म्हणाली नाही. एक निळा चेंडू उचलून मनूच्या हातात दिला. मग लाल. मग म्हणाली, "पिवळा कुठे दिसत नाही बाई." मनूने मान वर करून बोट दाखवलं. आजी म्हणाली, "माझा हात नाही पोचत गं." मनू उतरली, टाकीत एक पाय घातला, चेंडू आणून दिला, पाय परत बाहेर. असं किती वेळ चाललं. शेवटी दोन्ही पाय आत राहिले आणि आजीची गरज उरली नाही. एवढे पैसे भरले आहेत, वेळ जातोय, असा विचार त्या अर्ध्या तासात आमच्यापैकी कोणीही बोलून दाखवला नाही, याचं मला समाधान आहे. लहान मुलाला अनोळखी जागेत आधी नुसतं बघायचं असतं. तो वेळ तिकिटात धरलेलाच असतो असं समजून जावं.

राघवचं उलट. तो आत शिरला तो थेट तीन मजली जाळीच्या चक्रव्यूहात. नळ्या, दोऱ्यांचे पूल, अरुंद जिने, आणि वरून खाली येणारी लांब घसरगुंडी. मनूने ती घसरगुंडी बघितली आणि तिलाही हवी झाली. एकटी जायला घाबरत होती. मंदार म्हणाला, "चल, मी मांडीवर घेऊन येतो." मी आणि श्वेता एकदमच "नको" म्हणालो. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी आम्हाला हे पूर्वीच समजावलेलं आहे. मूल एकटं घसरताना पाय अडकला तर ते थांबतं, त्याचं वजन थोडं असतं. मोठ्याच्या मांडीवर असताना त्याचा पाय घसरगुंडीच्या कडेला अडकला तर मागून येणारं मोठ्या माणसाचं वजन थांबत नाही, आणि नडगीचं हाड पिळवटून मोडतं. दिसायला प्रेमाची, सुरक्षित वाटणारी गोष्ट, आणि लहान मुलांचे पाय मोडण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे. त्यात मोज्यांचे रबरी ठिपके, ते तर हमखास अडकणारे. हे आई-वडिलांना, विशेषतः आजी-आजोबांना, कोणी सांगत नाही. आम्ही मनूला छोट्यांच्या विभागातल्या तिच्या कमरेएवढ्या घसरगुंडीवर नेलं. मंदार खाली बसला, ती एकटी आली, आणि मग दुपारपर्यंत येतच राहिली.

तेवढ्यात वरून राघवची हाक आली. तो तिसऱ्या मजल्यावरच्या एका नळीत शिरला होता, पुढून दोन मोठी मुलं उलटी येत होती, मागून कोणीतरी ढकलत होतं, आणि तो मध्ये अडकून घाबरला. रडत नव्हता, "बाबा, बाबा" एवढंच. पिवळा टी-शर्ट होता म्हणून तो नेमका कुठे आहे ते खालून दिसलं. मंदार आत शिरला, पण दुसऱ्या मजल्यावरच्या वळणात त्याचे खांदे मावेनात. तिथे काम करणारी एक मुलगी, सतरा-अठराची असेल, पायांतले मोजे ओढत सरसर वर गेली. समोरच्या मुलांना आधी मागे जायला लावलं, मग राघवशी बोलत बोलत त्याला घसरगुंडीच्या तोंडापर्यंत आणलं. तो खाली आला तेव्हा मंदारने त्याला घट्ट धरलं, काही विचारलं नाही. थोड्या वेळाने राघव म्हणाला, "ती ताई परत वर असेल तर मी जाईन." ती होती. तो गेला. जाताना खालून एक गोष्ट त्याला मी सांगितली: नळीत शिरायच्या आधी पलीकडे कोणी येतंय का ते वाकून बघायचं. पुढच्या वेळी त्याला वाकताना मी बघितलं.

ट्रॅम्पोलिनबद्दल आमच्यात मतभेद झाला. मंदारला वाटत होतं, भाऊ-बहीण एकत्र उड्या मारतील, फोटो छान येईल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षांच्या नोंदींवरून सांगितलं आहे की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश दुखापती एकाच वेळी एकाहून जास्त जण उड्या मारतात तेव्हा होतात, आणि त्यात सर्वांत हलक्या मुलाला जास्त लागतं. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांची संघटना तर सहा वर्षांखालच्या मुलांना ट्रॅम्पोलिन नकोच म्हणते. कारण साधं आहे: जड माणूस खाली दाबला जातो तेव्हा कापड ताणतं, आणि त्याच क्षणी हलकं मूल खाली आलं तर कापड त्याला वर फेकतं, त्याचे पाय त्या धक्क्याला तयार नसतात. मंदारने ऐकून घेतलं. राघवला एका चौकोनात एकट्याला सोडलं, कोलांट्या नाहीत, चौकोन बदलायचा नाही. त्याने तेवढ्यातही पोट भरून उड्या मारल्या. मनूसाठी आम्ही बाजूच्या फोमच्या गादीवर उड्यांची स्पर्धा लावली आणि ती पहिली आली.

उंचीच्या पट्टीपाशी मात्र रडारड झाली. टकरीच्या छोट्या मोटारींसाठी पट्टीवरची रेघ राघवच्या डोक्याच्या दोन बोटं वर. त्याने टाचा उचलल्या, केस वर केले. पट्टीशी उभा असलेला तिथला मुलगा "नाही" म्हणाला, आणि राघवचे डोळे भरले. मला वाटतं, अशा वेळी "पुढच्या वर्षी" म्हणून मुलाला ओढून नेणं बरोबर नाही. मी त्याला गाडीजवळ नेलं, पट्टा दाखवला. मोठ्या मुलाला तो कुठे बसतो ते बघ म्हटलं: कमरेवर. मग त्याच्या अंगावर हात ठेवून दाखवलं, तुला तो इथे पोटावर येईल, धक्का बसला की तू खालून सरकशील. त्याने बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघितलं. रडणं लगेच थांबलं नाही, पण त्या मुलावरचा राग गेला. पट्टीशी उभ्या असलेल्या त्या मुलाचा मी आभारी आहे. शेजारच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलासाठी त्याला बरंच विनवलं, तो हलला नाही.

जेवण बाहेर फूड कोर्टमध्ये. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेऊ देत नव्हते. एवढ्या लहान मुलांच्या बाबतीत हा नियम मला पटत नाही, पण मनगटाचा पट्टा दाखवून बाहेर जाऊन परत येता येत होतं. खाण्याआधी दोघांचे हात साबणाने, नळाखाली, कोपरापर्यंत धुतले. श्वेताने सॅनिटायझर बाहेरही काढला नाही, आणि ते योग्य केलं. पावसाळ्यात आपल्याकडे मुलांमध्ये हात-पाय-तोंडाच्या फोडांचा आजार येतो, ज्याला शाळेच्या ग्रुपवर एचएफएमडी म्हणतात. त्याच्या विषाणूवर अल्कोहोलचा परिणाम कमी होतो, साबण आणि वाहतं पाणी लागतं. हजार मुलांनी हाताळलेले चेंडू आहेत ते. मुलांनी डोळे चोळायच्या आत हात धुवावेत. आणि घरात कोणाला ताप किंवा फोड असतील तर त्या दिवशी जाऊ नये, दुसऱ्यांच्या मुलांसाठी.

जेवणानंतरचा तास व्हिडिओ गेममध्ये गेला. कार्डात पैसे भरायचे, खेळायचं, गुण जमवायचे, त्यावर पेन्सिल किंवा खोडरबर घ्यायचं. मला तो भाग आवडला नाही. मुलं तिथे धावत नाहीत, चढत नाहीत, नुसती बटणं दाबतात, आणि पैसे फार लवकर संपतात. कार्डात मोजकेच भरले होते, ते संपल्यावर थांबलो.

निघण्याची तयारी श्वेताने वीस मिनिटं आधी सुरू केली. "आता जायचं" असं अचानक म्हणाली नाही. दोघांना सांगितलं, प्रत्येकाला अजून एक खेळ, कोणता ते तुम्ही ठरवा. राघवने चक्रव्यूह निवडला. मनूने चेंडूंची टाकी, आणि आजी कठड्यावर हवी. खेळ झाले, मोजे काढले, पुन्हा हात-पाय धुतले, पट्टे कापले. मनू दारात थोडी रडली, दमलेली होती. वाशी स्टेशनवर वडापाव खाल्ला, जुलैतल्या संध्याकाळी पाचच्या आत गाडीत बसलो, म्हणजे ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आधी. मोठ्या माणसांना वाटलं होतं संध्याकाळपर्यंत थांबू. पण चार तास या वयाला भरपूर होतात. पाचव्या तासात मुलं पडतात, भांडतात आणि दिवसभराचा आनंद विसरतात.

आता दिवाळीच्या सुट्टीत नाशिकहून माझी मुलगी तिच्या तिघांना घेऊन येणार आहे, धाकटा दोन वर्षांचा. पाचही मुलांना एकत्र न्यायचा बेत शिजतो आहे. मी घरात सांगून ठेवलं आहे की पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, ज्याचं दुसरं काही काम नाही, फोटो काढायचंही नाही. तसा हिशेब मांडला, तरी हाताशी एक जण जास्त असलेला बरा. श्वेताच्या धाकट्या बहिणीला विचारलं आहे, ती हो म्हणाली आहे, फक्त तिला भाऊबीज सोडून कोणताही दिवस चालेल. जावईबापूंनाही मोज्यांचं माप विचारून ठेवलं आहे.